विमान मेंटेनन्सचं लायसन कसं काढायचं: बडोद्याच्या पोरांसाठी, आणि त्यांच्या आईबापांसाठीसुद्धा

२८ ऑक्टोबर २०२४ ला बडोद्यात टाटांच्या सी-२९५ या हवाई दलाच्या मालवाहू विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, आणि त्या आठवड्यापासून दांडिया बाजारातल्या आमच्या घरी फोन सुरू झाले. आईच्या भिशीतल्या काकू, बाबांचे बँकेतले मित्र, शेजारचे शहाभाई, सगळ्यांचा एकच प्रश्न, आमच्या पोराला विमानाच्या लाइनीत घालायचंय, काय करायचं? शेवटी माझा भाचाच घरी येऊन बसला आणि म्हणाला, "मामा, दोन वर्षांचा कोर्स केला की लायसन मिळतंच ना?"

नाही मिळत. आणि हा गैरसमज इतका पसरलाय की एकदा सगळं बसून लिहूनच काढतो, म्हणजे पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवता येईल. मी स्वतः बी१.१ (टर्बाइन इंजिनच्या विमानांचं मेकॅनिकल) लायसनवाला, बारावीपासून विमान उडण्यालायक आहे अशा पहिल्या सहीपर्यंत मला जेवढा वेळ लागायला हवा होता त्याच्यापेक्षा बराच जास्त लागला, आणि त्यातला निम्मा उशीर निव्वळ कागदांमुळे. अभ्यासामुळे नाही. तो वेळ कुठे कुठे गेला ते खाली येईलच.

१. आधी कोणतं लायसन हवंय ते ठरवा

आपल्याकडे हे लायसन डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं देतं, सीएआर-६६ नावाच्या नियमाखाली. बोलताना सगळे एएमई (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर) लायसन म्हणतात. त्यात कॅटेगरी आहेत.

ए म्हणजे लाइन मेंटेनन्सची छोटी, ठरलेली कामं. चाक बदलणं, ठरलेले चेक, सोपी दुरुस्ती, आणि सही फक्त स्वतःच्या हाताने केलेल्या कामावर. बी१ म्हणजे मेकॅनिकल: इंजिन, बॉडी, हायड्रॉलिक, लँडिंग गिअर, आणि इलेक्ट्रिकलही. याचे आणखी तुकडे आहेत, बी१.१ टर्बाइन इंजिनचं विमान, बी१.२ पिस्टन इंजिनचं विमान, बी१.३ टर्बाइन हेलिकॉप्टर, बी१.४ पिस्टन हेलिकॉप्टर. बी२ म्हणजे एव्हियोनिक्स: रेडिओ, नेव्हिगेशन, ऑटोपायलट, इन्स्ट्रुमेंट, वायरिंग. बी३ छोट्या पिस्टन विमानांचं, २००० किलोपर्यंतच्या, ज्यांच्या केबिनला प्रेशर नसतं. आणि सी म्हणजे बेस मेंटेनन्स, हँगरमधला मोठा चेक संपला की अख्ख्या विमानाच्या रिलीजवर, म्हणजे विमान परत उडायला सोडण्याच्या दाखल्यावर, सही करणारा. सी नंतरची गोष्ट आहे, बी१.१ किंवा बी२ वर तीन वर्षं काम करून झाल्यावर बघायची.

एअरलाइनमध्ये जायचं असेल तर पर्याय दोनच उरतात, बी१.१ की बी२. हाताला ग्रीस लागलेलं आवडतं, जड कामाची भीती नाही, तर बी१.१. मल्टिमीटर घेऊन तासन् तास एक वायर शोधण्यात मजा येते तर बी२. "बी२ ला स्कोप जास्त आहे" असं क्लासवाले सांगतात, आमच्या वेळी बी१ ला स्कोप जास्त आहे असं सांगायचे, तेव्हा त्यावर जाऊ नका. स्वतःचा स्वभाव बघा, कारण हे काम रात्री दोन वाजता करायचं असतं.

अजून एक. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची डिग्री आणि एएमई लायसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिग्री डिझाइनकडे नेते. डिग्रीवाल्याला विमान उडण्यालायक आहे अशी सही करता येत नाही, लायसनवाल्याला येते. घरच्यांना हे समजवायला मला एक अख्खी दिवाळी लागली होती.

२. बारावीचा ग्रुप आणि नावाची भानगड

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स पाहिजेच, किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा. गुजरात बोर्डात म्हणजे ए ग्रुप. बी ग्रुप घेऊन मेडिकलची तयारी केली, नंबर नाही लागला, आता विमानाकडे वळू, असं म्हणणारी मुलं दर वर्षी भेटतात, त्यांना मॅथ्स नसल्यामुळे दार बंद असतं. अकरावीला फॉर्म भरतानाच हे लक्षात घ्या.

आता नाव. हे नीट वाचा, कारण बडोद्याच्या मराठी घरांमध्ये हे हमखास होतं. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पासपोर्टवर दोन वेगळ्या रकान्यांत. त्यात शाळेतल्या गुजराती क्लार्कने आपली आडनावं त्यांच्या कानाला लागली तशी लिहिलेली असतात, पवारच्या स्पेलिंगमध्ये एकीकडे डब्ल्यू दुसरीकडे व्ही, गायकवाडांची तर बडोद्यात तीन स्पेलिंगं चालतात आणि तिन्ही बरोबर समजतात. घरी चालतं हो. परीक्षेच्या हॉलवर आणि लायसनच्या अर्जावर नाही चालत.

माझ्या वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक होता, मार्कशीटवर एक आणि पासपोर्टवर एक. कोणीच काही बोललं नाही, कोर्स झाला, परीक्षा झाल्या, आणि शेवटच्या अर्जाला अडकलं. मग कोठी कचेरीच्या बाहेर नोटरीकडून ॲफिडेव्हिट, त्याने भागलं नाही म्हणून पासपोर्ट बदलला, मग आधार, असं करत पावसाळा संपला. तुम्ही हे बारावीच्या सुट्टीत करा. दहावीची मार्कशीट हाच पाया धरा आणि बाकी सगळं, आधार, पॅन, पासपोर्ट, तिच्याशी अक्षरनअक्षर जुळवा. उलटं करू नका, बोर्डाचा कागद बदलणं सगळ्यात अवघड असतं.

३. संस्था निवडताना काय विचारायचं

बेसिक कोर्स शिकवणाऱ्या संस्थेला सीएआर-१४७ ची मान्यता लागते. मान्य संस्थांची यादी डीजीसीएच्या साइटवर असते, तीच बघायची. ब्रोशरवर लिहिलेलं "डीजीसीए पॅटर्न" किंवा "डीजीसीए सिलॅबसनुसार" याला अर्थ नाही. मान्यता आहे की नाही, एवढंच. आणि मान्यता असली तरी कोणत्या कॅटेगरीची तेही बघा, काही ठिकाणी बी१.१ ची असते आणि बी२ ची नसते.

बी१.१ आणि बी२ चा बेसिक कोर्स २४०० तासांचा असतो, साधारण दोन वर्षं, त्यात निम्म्याच्या आसपास थिअरी आणि बाकी प्रॅक्टिकल. तेव्हा कोणी सहा महिन्यांत लायसन म्हणाला तर चहा पिऊन निघून या.

संस्था बघायला जाल तेव्हा रिसेप्शनवर बसू नका, वर्कशॉप दाखवा म्हणा. कोपऱ्यात उभं असलेलं जुनं विमान सगळ्यांकडे असतं, त्याच्यासोबत फोटोही काढून देतात. बघायचं ते त्याचे पॅनल अलीकडे उघडलेत का, स्क्रूची डोकी वापरून झिजलीत की त्यांच्यावर धूळ आहे. टूल क्रिब, म्हणजे हत्यारांची खोली बघा. प्रत्येक हत्याराची जागा आखलेली आहे का, टॉर्क रेंचवर (ठरलेल्या जोरानेच नट घट्ट करणारा पाना) कॅलिब्रेशनचं, म्हणजे माप तपासल्याचं, स्टिकर आहे का आणि त्यावरची तारीख गेलेली आहे का. आणि हा प्रश्न सरळ विचारा: चालू विमानावर, म्हणजे उडणाऱ्या विमानावर, प्रॅक्टिकल कुठे देता, किती दिवस, आणि ते लेखी द्याल का. लेखी शब्द ऐकून समोरच्याचा चेहरा बदलला तर उत्तर मिळालं.

फी चा आकडा मी इथे लिहीत नाही, दर वर्षी बदलतो. पण फीशिवाय होस्टेल, परीक्षेची फी, मुंबई-दिल्लीचे फेरे, पुस्तकं, हे सगळं वेगळं, ते धरून हिशेब करा.

४. मॉड्यूलच्या परीक्षा

इथे कॉलेजसारखं सेमिस्टर नाही. मॉड्यूल असतात आणि परीक्षा डीजीसीएची असते, संस्थेच्या आतल्या परीक्षा वेगळ्या. अर्ज परीक्षा पोर्टलवर ऑनलाइन, आणि तुम्हाला एक कॉम्प्युटर नंबर मिळतो, तो आयुष्यभर तुमच्यासोबत राहणार, लिहून ठेवा.

मॉड्यूल १ ते १० हे बी१ आणि बी२ दोघांनाही असतात: गणित, फिजिक्स, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक, डिजिटल, मटेरियल आणि हार्डवेअर, मेंटेनन्स प्रॅक्टिस, एरोडायनॅमिक्स, ह्यूमन फॅक्टर्स, आणि कायदा. विषय तेच असले तरी काही मॉड्यूलचा पेपर कॅटेगरीप्रमाणे कमी-जास्त खोल असतो. मग बी१.१ ला ११, १५ आणि १७, म्हणजे विमानाच्या सिस्टिम, गॅस टर्बाइन इंजिन आणि प्रोपेलर. बी२ ला १३ आणि १४.

पासिंग ७५ टक्के. पस्तीसवर पास होणाऱ्या आपल्या पिढीला हे पचायला वेळ लागतो. एका प्रश्नाला सरासरी ७५ सेकंद मिळतात. मॉड्यूल ८ मध्ये २० प्रश्न आणि २५ मिनिटं, म्हणजे पाच चुकले तर चालतात, सहावा चुकला की परत यायचं. मॉड्यूल ११ मध्ये १४० प्रश्न आणि १७५ मिनिटं, जवळजवळ तीन तास, त्यात बसायची सवयच वेगळी लागते.

क्रम काय ठेवायचा? माझा सल्ला, ८, ९, १० सारखी छोटी आधी उरकू नका, आधी ३ आणि ६ घ्या. कारण ७ ला ६ लागतं, ११ ला ३ लागतं, आणि कोर्समध्ये जे ताजं शिकवलंय ते दोन महिन्यांत सुकतं. ११ आणि १५ एकाच सेशनला, म्हणजे परीक्षेच्या एकाच फेरीत, देऊ नका. मी दिली होती. १५ सुटलं, ११ राहिलं, आणि मुंबईहून परत येताना रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर झोपून छताकडे बघत बसलो.

क्वेश्चन बँकेबद्दल सगळे विचारतात. घ्या, सोडवा, पण फक्त तेवढंच पाठ करून जाणारी पोरं पुढे लायसन झाल्यावर कंपनीच्या इंटरव्ह्यूत उघडी पडतात. बोर्डावर ब्लीड एअर सिस्टिम (इंजिनातून घेतलेल्या दाबाच्या हवेची) काढून दाखव म्हटलं की गप्प. तिथे ए, बी, सी पर्याय नसतात.

आणि मॉड्यूल ९ ला फालतू समजू नका. त्यात शिकवतात ती एक घटना मला अजून टूल क्रिबच्या खिडकीशी उभा राहिलो की आठवते. १० जून १९९०, ब्रिटिश एअरवेजचं ५३९० नंबरचं विमान, कॉकपिटची काच हवेत निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला, क्रूने पाय धरून ठेवले म्हणून वाचला. काच उड्डाणाच्या २७ तास आधीच बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ व्यासाने बारीक होते, इंचाच्या २६ हजारांशाने. बसवणारा काही नवशिका नव्हता, अनुभवी शिफ्ट मॅनेजर होता. त्याने पार्ट्स कॅटलॉगमध्ये नंबर न बघता काढलेला जुना बोल्ट हातात धरून नजरेने जुळवला. २६ हजारांश इंच म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त.

५. लॉगबुक, इथेच सगळ्यांची वर्षं जातात

मॉड्यूल सुटली म्हणजे लायसन झालं असं नाही. अनुभव लागतो, आणि तोही चालू विमानांवरच्या मेंटेनन्सचा. मान्य सीएआर-१४७ कोर्स केलेल्याला बी१.१ किंवा बी२ साठी दोन वर्षं. संबंधित ट्रेडचं टेक्निकल शिक्षण घेतलेल्या कुशल कामगाराला तीन. काहीच नसेल तर पाच. त्यातलं निदान एक वर्ष अलीकडचं आणि तुम्ही मागताय त्याच कॅटेगरीच्या विमानावरचं पाहिजे. कोर्सशिवायचा रस्ता कागदावर आहे, पण कोर्स नसलेल्याला हँगरमध्ये घेतं कोण हा खरा प्रश्न.

हा अनुभव मोजला जातो लॉगबुकवरून. तारीख, विमानाचा टाइप, रजिस्ट्रेशन, एटीए चॅप्टर (विमानाच्या प्रत्येक सिस्टिमचा ठरलेला नंबर), काय काम केलं, कोणत्या टास्क कार्डवर (कामाचा लेखी कागद), आणि ज्याच्या हाताखाली केलं त्याची सही, लायसन किंवा ऑथरायझेशन नंबरासकट.

आता माझी गोष्ट. ट्रेनी असताना मी एन्ट्र्या रोज लिहायचो, अक्षर पण छान, पण सह्या महिन्याच्या शेवटी एकदम घेऊ म्हणून ठेवायचो कारण पहाटे पाचला शिफ्ट सुटताना साहेबांसमोर वही धरायची लाज वाटायची. महिन्याचं दोन महिने झालं, दोनाचं सात. आणि एक दिवस कळलं साहेबांना गल्फमध्ये नोकरी लागली, गेले पण. फोन केला तर म्हणाले, अरे मी इथून कशी सही करू, आणि बरोबरच होतं त्यांचं. सात महिने, शंभरच्या वर एन्ट्र्या, एकही धरली गेली नाही. क्वालिटीच्या बाईंनी वही परत देताना एवढंच म्हटलं, काम केलं असशील रे, पण कागदावर नाही. परत सात महिने काढले.

तेव्हा:

- त्याच शिफ्टला सही. लाज वाटली तरी. साहेब चिडले तर दुसऱ्या दिवशी, पण आठवडा उलटू देऊ नका.
- दर रविवारी वहीच्या पानांचे फोटो काढून मेलवर टाका. वही पावसात भिजते, हरवते, एकाची तर हायड्रॉलिक ऑइलमध्ये पडली होती.
- एकच काम पन्नास वेळा लिहू नका. ट्रेनीला चाक, ब्रेक, ऑइल भरणं आणि फडकं मारणं हेच येतं, ते ठीक, पण अनुभव वेगवेगळ्या कामांचा दिसायला हवा. एटीए चॅप्टरची यादी भिंतीवर लावा, २४ इलेक्ट्रिकल, २७ फ्लाइट कंट्रोल, २८ फ्युएल, २९ हायड्रॉलिक, ३२ लँडिंग गिअर, ३६ न्यूमॅटिक, ७० च्या पुढे इंजिन, आणि कुठला रिकामा आहे ते बघून त्या कामाला लावा म्हणून मागे लागा.
- जे केलं नाही ते लिहू नका. बाजूला उभं राहून बघितलं असेल तर "बघितलं" लिहा. इंटरव्ह्यूत एन्ट्रीवरूनच विचारतात.

काम कसं शिकायचं हे कोणी लिहून देऊ शकत नाही पण एक नमुना सांगतो. मेन व्हील बदलताना शेवटचा नट लावतो ना, तो आधी चाक हाताने फिरवत फिरवत जास्त टॉर्कला घट्ट करायचा, मग ढिला करायचा, मग पुन्हा कमी टॉर्कला लावायचा. नवीन पोराला वाटतं हे उगाच डबल काम आहे. पहिल्या वेळेला बेअरिंग जागेवर बसते, दुसऱ्या वेळेला खरा टॉर्क लागतो, आणि चाक फिरवलं नाही तर रोलर वाकडे बसून राहतात. आकडे पाठ करायचे नाहीत, दर वेळी मॅन्युअलमधून घ्यायचे, पण का ते माहीत पाहिजे.

दुसरं, सेफ्टी वायर, बोल्ट सुटू नये म्हणून बांधतात ती तार. ०.०३२ इंची तारेला इंचाला साधारण सहा ते आठ पीळ. आणि तार अशी ओढलेली पाहिजे की बोल्ट सुटायला लागला तर ती त्याला घट्ट करायच्या दिशेनेच ओढेल. मी पहिली वायर सुंदर पिळली होती, एकसारखी, अगदी वेणीसारखी, आणि उलट्या दिशेने. साहेबांनी काही न बोलता कटर हातात दिला. आणि तारेच्या शेपटीचं टोक आत वळवायला विसरू नका, पुढच्या माणसाचं बोट फाटतं.

६. अर्ज आणि कागद

वय किमान १८ पाहिजे, पण वरचा हिशेब केला तर बावीस-तेवीसच्या आत बी१.१ होणं कठीणच. अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर, फी ऑनलाइन. हाताशी ठेवायच्या गोष्टी:

- दहावी-बारावीच्या मार्कशीट, डिप्लोमा असेल तर त्याची, आणि मागितलं तर बोर्डाचं व्हेरिफिकेशन
- आधार, पासपोर्ट
- सीएआर-१४७ कोर्सचं सर्टिफिकेट
- सगळ्या मॉड्यूलचे निकाल, प्रत्येक सेशनचा निकाल लागल्या लागल्या डाउनलोड करून ठेवलेला
- लॉगबुक, पूर्ण, सह्यांसकट
- जिथे अनुभव घेतला त्या संस्थेचं पत्र, तारखांसकट. नोकरी सोडायच्या आधी घ्यायचं, नंतर कोणी ओळखत नाही
- फोटो आणि सही स्कॅन केलेली. सही जी एकदा दिली तीच कायम, मराठीत एक आणि इंग्रजीत एक असं करू नका

स्कॅन मोबाइलवर काढलेले वाकडेतिकडे चालत नाहीत, रावपुऱ्यात चांगल्या स्कॅनरवाल्याकडे शंभर रुपये घालवा. अर्जात एखादी शंका निघाली तर पोर्टलवरच येते, मेल येईल म्हणून वाट बघत बसू नका, रोज लॉगिन करून बघा. माझा अर्ज एका शंकेपाशी तीन आठवडे पडून होता आणि मी घरी म्हणत होतो, सरकारी काम, वेळ लागतोच.

७. लायसन आलं, पण सही करता येते का?

नाही. लायसनवर विमानाचा टाइप चढायला हवा. ए३२० असो, ७३७ असो, एटीआर असो, प्रत्येकाचं टाइप ट्रेनिंग वेगळं, थिअरी आणि प्रॅक्टिकल, आणि त्या कॅटेगरीतला पहिला टाइप असेल तर वर ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं ट्रेनिंग. टाइप ट्रेनिंग सुरू केल्यापासून तीन वर्षांच्या आत ते पूर्ण करून लायसनवर चढवायचा अर्ज करायचा.

त्यानंतरही सीएआर-१४५ मान्यतेची, म्हणजे मेंटेनन्स करायला मान्यता असलेली कंपनी तुम्हाला ऑथरायझेशन देते तेव्हाच रिलीजवर सही. स्टॅम्प कंपनीचा, लायसन तुमचं. नोकरी बदलली की स्टॅम्प परत करायचा, आणि नवीन ठिकाणी परत त्यांचे कायदे-पद्धती शिकून नवीन स्टॅम्प. टाइप ट्रेनिंगचा खर्च मोठा असतो, कंपनी करते तेव्हा बाँड लिहून घेते. बाँड वाईट नाही, पण किती वर्षांचा, मधे सोडलं तर किती भरायचे, आणि टाइप लायसनवर चढला नाही तरी बाँड चालू राहतो का, हे तिन्ही वाचल्याशिवाय सही करू नका.

लायसन पाच वर्षांचं. आणि मधल्या काळात मागच्या दोन वर्षांत सहा महिने काम केलेलं असलं पाहिजे, नाहीतर लायसन खिशात असून सही चालत नाही. लग्न, आजारपण, घरचा धंदा म्हणून ब्रेक घेणाऱ्यांनी हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

इंग्रजीचं पण सांगतो. मॅन्युअल इंग्रजीत असतं आणि ते वाचून समजणं, त्या भाषेत नोंद करणं ही लायसन वापरण्याची अटच आहे. फाड फाड बोलता यायची गरज नाही. मराठी किंवा गुजराती माध्यमातून आलेली पोरं यात मागे पडत नाहीत, उलट एकेक शब्द डिक्शनरीत बघून वाचायची सवय असल्यामुळे वॉर्निंग आणि कॉशनमधला फरक तीच नीट वाचतात. वॉर्निंग म्हणजे माणसाला इजा, कॉशन म्हणजे सामानाला.

८. इन्स्पेक्शनच्या लाइनीत जायचं असेल तर

बडोद्यात एनडीटी, म्हणजे वस्तू न तोडता आतले दोष शोधायची तपासणी, हा शब्द सगळ्यांना माहिती. कोयलीची रिफायनरी, आजूबाजूचे केमिकल प्लान्ट, मकरपुऱ्यातलं फॅब्रिकेशन, वेल्ड तपासायला लेव्हल टू माणसं लागतातच, आणि क्लासही भरपूर. म्हणून पुष्कळ जण विचारतात, माझं लेव्हल टू झालंय, विमानात चालेल का?

थेट नाही चालत. विमानाच्या एनडीटीला एनएएस ४१० किंवा ईएन ४१७९ हे स्टँडर्ड धरतात, आणि त्यात सर्टिफिकेट कंपनी देते, कंपनी सोडली की ते तुमच्यासोबत तसंच्या तसं येत नाही. पेनिट्रंट, मॅग्नेटिक पार्टिकल, एडी करंट, अल्ट्रासॉनिक, रेडिओग्राफी, प्रत्येक पद्धतीचं वेगळं. लेव्हल वन दुसऱ्याच्या सूचनेवर काम करतो, लेव्हल टू यंत्र सेट करून पास-नापास ठरवतो, लेव्हल थ्री पद्धत लिहितो आणि मंजूर करतो. वेल्डिंगवरचा हात वाया जात नाही, डोळ्याला सवय असते, पण विमानाची बॉडी ॲल्युमिनियमची, तिथे मॅग्नेटिक पार्टिकल लागूच होत नाही, आणि तडा रिव्हेटच्या भोकाच्या कडेला लपलेला असतो, तिथे एडी करंटचा प्रोब धरावा लागतो. रंगाचं डाय पेनिट्रंट तेवढं बी१ वाला स्वतः करू शकतो.

नजरेची टेस्ट असते, जवळचं वाचणं दर वर्षी, आणि रंग ओळखणं. चाळिशी लागली की चष्म्याने चालतं, लाजू नका. रंगदृष्टी मात्र कोर्सला पैसे भरायच्या आधीच तपासून घ्या, संस्था आणि कंपन्या दोघंही बघतात. डोळ्याच्या डॉक्टरकडे दहा मिनिटांचं काम आहे आणि आमच्या बॅचमधल्या एकाला ते दुसऱ्या वर्षाला कळलं.

इन्स्पेक्शनचा दुसरा अर्थ म्हणजे स्वतंत्र तपासणी. फ्लाइट कंट्रोलसारख्या नाजूक कामावर एकाने काम करून सही केली की दुसऱ्याने, जो त्या कामात नव्हता, परत बघून सही करायची. नवीन माणसाला इथे सगळ्यात मोठा मोह असतो, मित्राने केलंय, चांगलं करतो, कर सही. मी एकदा पॅनल परत उघडायला लावला होता, आत सगळं बरोबर होतं, आणि तो मित्र माझ्याशी चार दिवस बोलला नाही.

आणि तिसरा रस्ता एअरवर्दीनेस रिव्ह्यूचा. विमानाला एआरसी, म्हणजे उडण्यालायक असल्याच्या तपासणीचं सर्टिफिकेट लागतं, वर्षभराचं, आणि ते देण्याआधी विमानाचे सगळे रेकॉर्ड आणि स्वतः विमान तपासणारी माणसं असतात. त्यासाठी लायसन किंवा डिग्री, आणि त्या क्षेत्रातला पाच वर्षांचा अनुभव. रात्रपाळीला कंटाळलेले पुष्कळ जण शेवटी तिकडे जातात.

९. मग टाटांच्या कारखान्याचं काय?

करार ५६ विमानांचा, १६ स्पेनहून तयार आली आणि ४० इथे बनणार. चांगल्या नोकऱ्या आहेत, प्रश्नच नाही. पण ते काम जोडणीचं आहे, मेंटेनन्सचं नाही, आणि विमानं हवाई दलाची आहेत, डीजीसीएची नाहीत. तिथे लागायला रिव्हेटिंग, शीट मेटल, वायरिंग, क्वालिटी अशी कौशल्यं लागतात, आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना संधी जास्त, एएमई लायसनची अट नाही. आणि तिथे घालवलेली वर्षं सीएआर-६६ च्या लॉगबुकमध्ये आपोआप धरली जातील असं समजू नका. सिव्हिलच्या बाहेरचा अनुभव मान्य होऊ शकतो, तरी वर सिव्हिल विमानांच्या मेंटेनन्सचा अनुभव लागतोच.

भाच्याला मी हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, म्हणजे मला नक्की कुठे जायचंय ते आधी ठरवायला पाहिजे. मग दोघं सेवउसळ खायला गेलो, आणि घरी आल्यावर त्याने दहावीची मार्कशीट, आधार आणि पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पासपोर्टमध्ये आजोबांचं नाव मधे घुसलेलं निघालं. सोमवारी अपॉइंटमेंट घेतलीय.